न टाकलेला स्टेंट

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. सासूबाई म्हणतात, "आमच्या नीलिमाला देवदूत जरी भेटला, तरी ती आधी त्याचं ओळखपत्र मागेल." यात थोडा दोष नोकरीचाही आहे. मी एका मंत्रालयाच्या दक्षता विभागात काम करते. कोणाकोणाविरुद्ध आलेल्या तक्रारी वाचायच्या, कोण खरं बोलतंय आणि कोण बनाव करतंय याचा अंदाज घ्यायचा आणि टिपण वर पाठवायचं, हे माझं रोजचं काम. अशी वर्षं काढल्यावर दूधवाल्याने "आज दूध ताजं आहे" म्हटलं, तरी काल कसं होतं असा प्रश्न पडतो.

हे मी लिहिते आहे ते माझ्यासारख्या बायकांसाठी. चाळिशीच्या आत हृदयाचा झटका येऊ शकतो, तोही ना शुगर, ना बीपी, ना कोलेस्टेरॉल असताना, हे ज्यांना कोणी सांगितलं नव्हतं त्यांच्यासाठी. औषधांची नावं इथे मिळणार नाहीत, ती तुमच्या डॉक्टरांना विचारा. काय घडलं आणि मी कोणाकोणावर संशय घेतला, तेवढं सांगते.

रजया

आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मी, नवरा प्रमोद, सासूबाई आणि आमची शाळकरी मुलगी रिया. दिल्लीच्या घरांत उन्हाळाभर रजया बेडच्या पोटात पडून असतात. दिवाळी संपून हवा धुरकट झाली की गादी बाजूला करायची, खालचं प्लायचं झाकण उचलून धरायचं आणि आत वाकून रजया ओढायच्या. हे दोन माणसांचं काम आहे. त्या रविवारी प्रमोद भाजी आणायला गेला होता आणि मला दम नव्हता.

झाकण खांद्यावर पेललं, एका हाताने जाड रजई ओढली आणि छातीच्या मधोमध आतून कोणीतरी मूठ आवळली. दुखणं जबड्यात चढलं, डाव्या हातात उतरलं. मी तशीच रजईवर बसले. सासूबाईंनी ओवा आणला. रिया म्हणाली, "मम्मा, तुला किती पसीना येतोय! पंखा लावू?"

नोव्हेंबरात घाम? माझ्या मनात पाल चुकचुकली.

प्रमोदने येऊन मला गाडीत घातलं आणि आमचं सरकारी कार्ड चालणाऱ्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं, माझं वय पाहिलं आणि हसला. "मॅडम, आजकल पोल्यूशन है, टेंशन है, गॅस हो जाती है." ईसीजी काढला. तो म्हणे ठीकच होता. पोटाचं एक इंजेक्शन देऊन घरी पाठवायची तयारी झाली.

मी म्हटलं, "अच्छा. फिर लिखकर दे दीजिए कि हार्ट का कुछ नहीं है."

हा आमच्या ऑफिसातला जुना उपाय. तोंडी ठामपणे बोलणारा माणूस स्वतःच्या सहीखाली लिहायची वेळ आली की थोडा विचार करतो. त्यानेही केला. "एक ब्लड टेस्ट कर लेते हैं," तो म्हणाला. त्या तपासणीचा निकाल आला आणि त्याचं हसू गेलं. मग व्हीलचेअर आली आणि सगळेच पळायला लागले. मी बरोबर होते, याचा मला जराही आनंद झाला नाही. मला भयंकर भीती वाटत होती.

अस्तर

मनगटातून तार घालून अँजिओग्राफी झाली. नंतर एक डॉक्टर येऊन माझ्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली. डॉ. इशिता, माझ्याच वयाची, मोठा चष्मा, बोलताना पेनचं टोपण काढणारी आणि लावणारी. ती म्हणाली, "आपकी नस में चरबी का ब्लॉकेज नहीं है. नस अंदर से फटी है."

मला काही कळलं नाही. मग तिने समजावलं. कोटाच्या बाहीचं अस्तर उसवलं की ते आत गोळा होतं आणि हात अडकतो, तसं. माझ्या हृदयाच्या एका नसेचं आतलं अस्तर सुटलं होतं, त्यामागे रक्त साठलं होतं आणि रस्ता अरुंद झाला होता. तरुण बायकांमध्ये हे होतं आणि पुष्कळदा गॅस म्हणून घरी पाठवलं जातं.

"तो स्टेंट कब डालेंगे?" प्रमोदने विचारलं.

"नहीं डालेंगे. अभी छेडेंगे ही नहीं."

सध्या रक्त वाहतंय, दुखणं थांबलंय, अशी नस बहुतेक वेळा आपली आपण सांधते, असं तिचं म्हणणं. स्टेंटसाठी त्यात तार घातली तर अस्तर आणखी उसवायची भीती. काही बायकांना स्टेंट घालावाच लागतो, पण मला आत्ता नको. आधी इथेच नजरेखाली ठेवू. इथपर्यंत मी ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "हम कुछ डॉक्टर मिलकर इसी बीमारी पर रिसर्च कर रहे हैं, कम उम्र की औरतों में. आप चाहें तो आपकी जानकारी उसमें ले लें? आपके इलाज पर इसका कोई असर नहीं पडेगा."

माझे कान टवकारले. इलाज पर कोई असर नहीं, हे वाक्य तिने न विचारता का सांगितलं?

ती गेल्यावर प्रमोद हळूच म्हणाला, "ज्यांना गरज नाही त्यांना पण हे लोक स्टेंट टाकतात म्हणतात. आपल्याला गरज आहे तर नाही म्हणतात. काहीतरी गडबड आहे यार."

"गडबड सरळ आहे," मी म्हटलं. "तिला अभ्यासासाठी हात न लावलेली केस हवी आहे. मी तिच्या प्रयोगाचा उंदीर आहे."

एकदा हे तोंडातून बाहेर पडलं आणि मग ते खोलीतून जाईना.

काचेच्या अलीकडे

अतिदक्षता विभागात दिवस असा नसतोच. सकाळ झाली हे अंग पुसायला सिस्टर आल्या की कळतं. मग रक्त, मग गोळ्या, मग बेचव दलिया, मग डॉक्टरांचा घोळका. उरलेला वेळ स्वतःच्या हृदयाची हिरवी रेघ बघायची. ती जरा वेडीवाकडी झाली की मी श्वास धरायची, आणि श्वास धरल्याने ती आणखी वेडीवाकडी व्हायची.

शेजारच्या पलंगावर गाजियाबादचे एक काका होते. त्यांना तीन स्टेंट पडले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. "बेटा, तेरे कितने डले?"

"एक भी नहीं, अंकल."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मला डॉक्टरांनी सोडूनच दिलंय.

काचेच्या पलीकडे प्रमोद आणि सासूबाई कुजबुजताना दिसायचे. आत आले की दोघे एकदम हसायचे. मी प्रमोदला विचारलं, माझ्यापासून काय लपवताय? तो म्हणाला, काही नाही, कँटीनचा चहा वाईट आहे तेवढंच. माझा विश्वास बसला नाही. पुढे कळलं की खरोखर तेवढंच होतं. सासूबाईंनी आमच्या चर्चच्या मराठी प्रार्थना-मंडळाला माझं नाव कळवलं होतं, आणि प्रार्थनेसाठी नाव कळवलं की बातमी फरीदाबादपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. लोकांचे निरोप येऊ लागले. कोणी म्हणे ऑफिसचा ताण, कोणी म्हणे बाहेरचं खाणं. एक बाई म्हणाल्या की नीलिमा फार विचार करते, त्याचंच हे. मला सगळ्यांचा राग येत होता. आणि रियाला आत सोडत नव्हते, याचं दुःख तर कोणाला सांगताही येईना.

एका सिस्टरने एके दुपारी न मागता माझे केस विंचरून वेणी घातली. त्या दिवसांत ज्यामागे मला कुठलाही हेतू दिसला नाही, अशी ती एकच गोष्ट.

डॉ. इशिता रोज यायची. तिचे प्रश्न चमत्कारिक असायचे. डोकेदुखी आहे का? बाळंतपणं किती? मूल पडलं होतं का? त्या दिवशी काय उचललं? घरी काही ताण? हा शेवटचा प्रश्न तिने सासूबाई समोर बसलेल्या असताना विचारला. मी "नाही" म्हटलं, आणि सासूबाईंनी समाधानाने पदर सारखा केला.

पण मी तिला सांगून टाकलं, "आपकी रिसर्च में मेरा नाम नहीं चाहिए."

"ठीक है," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही ती आली, खुर्ची ओढून बसली, तितकाच वेळ. मी तेही संशयानेच पाहिलं.

साहेबांचा फोन

दिल्लीत सरकारी नोकरीतलं कुटुंब आजारी पडलं की ते आधी ओळख शोधतं, डॉक्टर नंतर. प्रमोदनेही तेच केलं. मला न सांगता तो त्याच्या जॉइंट सेक्रेटरी साहेबांच्या खोलीत गेला, उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि साहेबांनी तिथल्या तिथे हॉस्पिटलच्या सर्वांत वरच्या माणसाला फोन लावला. या पेशंटकडे नीट लक्ष द्या, एवढीच विनंती. हेतू चांगलाच होता.

दुपारी मला उचलून एका प्रशस्त खोलीत नेलं, तेव्हा प्रमोदने फोनचं कबूल केलं. खिडकी, सोफा, फळांची टोपली. संध्याकाळी विभागाचे मुख्य डॉक्टर आले, ज्यांना सगळे बडे सर म्हणत. मागे सहासात जण. डॉ. इशिता सगळ्यांत मागे, दाराशी.

"मॅडम, बिल्कुल चिंता मत कीजिए," बडे सर म्हणाले. "कल सुबह दो स्टेंट डाल देते हैं. आप हमारी खास पेशंट हैं."

प्रमोदचा चेहरा उजळला. सासूबाईंनी डोळे मिटून प्रभूचे आभार मानले. मीही क्षणभर हुश्श केलं. स्टेंट म्हणजे निदान काहीतरी केलं असं तरी होणार होतं.

पण जित्याची खोड. घोळका गेल्यावर मी विचार करायला लागले. काल नको असलेला स्टेंट आज हवा कसा झाला? मधल्या वेळात मला दुखलं नाही. नवी तपासणी झाली नाही. रेघ तशीच होती. बदललं होतं फक्त एक: वरून फोन आला होता.

आणि हे मला फार ओळखीचं होतं. आमच्याकडे रोज फायली येतात, ज्यांत करण्यासारखं काही नसतं. साध्या माणसाची फाइल असेल तर कोणीही शांतपणे लिहितो, कारवाईची गरज नाही. पण त्याच फाइलबद्दल वरून विचारणा झाली की तेच वाक्य लिहायची कोणाची छाती होत नाही. उद्या काही बिनसलं तर? तुम्हाला सांगितलं होतं लक्ष द्या, आणि तुम्ही काहीच केलं नाही? मग समिती बसते, पत्रं जातात, भानगड नसलेल्या माणसाच्या मागे भानगड लागते. कोणी वाईट नसतं. सगळे फक्त घाबरलेले असतात.

बडे सर घाबरले होते. आणि त्यांच्या भीतीची तार उद्या सकाळी माझ्या फाटक्या नसेत शिरणार होती.

एकच प्रश्न

मी सिस्टरला सांगितलं, मला दोन्ही डॉक्टर एकत्र हवेत. "खास पेशंट" असल्याचा हा एक फायदा, ते आले.

"सर, आपके इलाज में क्या गडबड हो सकती है?" मी बडे सरांना विचारलं.

"कुछ नहीं, मॅडम. रूटीन है. हम रोज करते हैं."

मग तोच प्रश्न मी डॉ. इशिताला विचारला. तिने सरांकडे पाहिलं. पेनचं टोपण काढलं, लावलं.

"मेरे इलाज में भी हो सकती है," ती म्हणाली. "फटाव अपने आप बढ सकता है. घर जाकर फिर दर्द हो सकता है, तब भागकर आना पडेगा. तब शायद स्टेंट ही डालना पडे, शायद बायपास. जान का खतरा भी है, थोडा, पर है. मैं गॅरंटी नहीं दे सकती. बस, आज तार डालने का खतरा मुझे उससे बडा लगता है."

इतक्या वर्षांच्या चौकशांनी मला एक गोष्ट शिकवली आहे. जो साक्षीदार स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट न लपवता सांगतो, त्याची साक्ष धरायची. मी तिच्या रिसर्चला नाही म्हटलं होतं. तिला माझ्याकडून मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी ती तेच म्हणत होती जे पहिल्या दिवशी म्हणाली होती, आणि आता तर स्वतःच्या वरिष्ठांसमोर म्हणत होती.

डॉक्टर गेल्यावर मी प्रमोदला म्हटलं, "साहेबांना सांग, फोन परत घ्या."

"वेडी आहेस का? असा फोन परत घेतात का यार? मला तिथे नोकरी करायची आहे. पाण्यात राहून माशाशी वैर?"

"भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झालीय. मला साधी पेशंट व्हायचंय."

तो चिडला, सोफ्यावर बसला, उठला, परत बसला. मग एकदम त्याचा आवाज फुटला. "नीलू, मला नाही जमत असं. काही न करता नुसतं बघत बसायचं? आणि तू गेलीस तर? मी रियाला काय सांगू, की आम्ही वाट बघत होतो?"

स्टेंट घातला आणि तरी गेले तर काय सांगशील, असं विचारता आलं असतं, पण तो रडत होता. मलाही रडू आलं. आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून बसलो आणि काही ठरेना.

सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "प्रमोद, हिनं आजवर कोणावर विश्वास ठेवलेला मी पाहिला नाही. माझ्यावरसुद्धा नाही. आज ठेवतेय, तर फोन लाव."

प्रमोदने खिडकीशी जाऊन फोन लावला. साहेब खोलीत असल्यासारखा ताठ उभा राहिला. "सर... जी सर, बहुत ध्यान रख रहे हैं... नहीं सर, शिकायत बिल्कुल नहीं... बस सर, उनको इतना कह दीजिए कि वो जो ठीक समझें वही करें, आप दोबारा नहीं पूछेंगे... जी... जी, बीवी का ही कहना है सर." त्याचे कान लाल झाले होते. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्याने माझ्यासाठी केलेली सर्वांत अवघड गोष्ट हीच असेल.

काही वेळाने बडे सर एकटेच आले. या वेळी त्यांनी माझी फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि अँजिओग्राफी मोबाइलवर पुन्हा पाहिली. "चलो," ते शेवटी म्हणाले, "रुकते हैं." त्यांच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. संशयी कान आहेत, पण या बाबतीत ते चुकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला साध्या खोलीत हलवलं. फळांची टोपली मागेच राहिली.

घरी

घरी आल्यावरचं कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. स्टेंट टाकलेल्या माणसाकडे दाखवायला स्टेंट असतो. माझ्याकडे काही नव्हतं. ऑफिसात एकीने विचारलं, "स्टेंट नहीं डला? तो फिर हुआ क्या था?" प्रार्थना-मंडळातल्या एकांनी सासूबाईंना हळूच सांगितलं की बायकांना कधीकधी मनाचंही असतं. आयुष्यभर लोकांवर संशय घेतला, आता लोक माझ्या झटक्यावर संशय घेऊ लागले.

सर्वांत मोठा संशय मात्र माझा माझ्यावरच. मेट्रोचा जिना चढताना कळ आली की ती स्नायूची की नसेची? एकदा तशीच हॉस्पिटलात पळाले. काही निघालं नाही. डॉ. इशिता रागावली नाही. "सौ बार आइए," ती म्हणाली. तुम्हालाही हेच सांगते: दुखलं तर जा. हसले तर हसू देत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यात लाज कसली.

जड उचलायचं नाही, असा हुकूम होता. रिया बाजाराची पिशवी माझ्या हातातून हिसकावून घ्यायची. दुपारी माझा डोळा लागला की प्रमोद दारात येऊन माझी छाती वरखाली होतेय का बघायचा. मी झोपेचं सोंग घेऊन ते बघायची. दोघांनीही एकमेकांना कधी बोलून दाखवलं नाही.

स्क्रीन

थंडी संपली, या वेळी प्रमोदने एकट्याने रजया परत आत ठेवल्या, आणि मग माझ्या हृदयाचं स्कॅन झालं. डॉ. इशिताने स्क्रीन आमच्याकडे वळवली. राखाडी अंधारात एक वाहती, सरळ रेघ.

"कुठे फाटली होती?" मी घाईत मराठीतच विचारलं, मग हिंदीत.

"यहाँ थी." तिने पेनचं टोक धरलं. "अब दिखाना मुश्किल है."

"ये मेरा ही है न?"

ती हसली नाही. तिने कोपऱ्यातलं माझं नाव आणि वय दाखवलं. मी दोन्ही वाचलं. मग टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडले. प्रमोद माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला आणि आपलं नाक शर्टाच्या बाहीला पुसत राहिला.

डोळे पुसून झाल्यावर मी विचारलं, "अब दोबारा तो नहीं होगा?"

"पता नहीं, नीलिमाजी," ती म्हणाली. "कुछ औरतों को दोबारा होता है. किसको होगा, क्यों होगा, अभी ठीक से कोई नहीं जानता. इसीलिए तो आप लोगों से इतना पूछती रहती हूँ."

प्रमोदने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता मी भांडणार. मी पर्स जमिनीवर ठेवली, खुर्ची तिच्या टेबलाजवळ ओढली.

"पूछिए," मी म्हटलं.